‘त्या गाण्यांनीच याचं डोकं फिरलंय’

“मॅडम, रात्र रात्र कानात ती रडकी गाणी. त्यानेच याला डिप्रेशन आलंय. गाणी तेवढी बंद करायला सांगा.” खुर्चीत टेकायच्या आधीच आईने सांगून टाकलं. मुलगा पंचविशीच्या आतबाहेरचा, सातपूरला एका कंपनीत नोकरीला. कॉलेजपासूनचं प्रेम मोडलेलं, तिचं लग्नही ठरलेलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ही काळजी माझ्याकडे वरचेवर येते, विशेषतः आयांकडून. प्रेमभंगाची गाणी ऐकून डिप्रेशन येतं का? नुसत्या गाण्यांनी येत नाही. उलट, बऱ्याच जणांना अशा गाण्याने मोकळं वाटतं. आपल्याला जे बोलता येत नाही ते दुसरं कुणीतरी सुरात बोलून टाकतं. बघायचं एवढंच, की ऐकून झाल्यावर मन हलकं होतं की आणखी जड. तोच अंतरा पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकायचा आणि त्याबरोबर ‘मी तेव्हा असं का बोललो’ हेही उगाळत बसायचं, असं रोज चाललं असेल तर लक्ष घालायला हवं.

आईला बाहेर बसवून मी त्याला झोपेबद्दल विचारलं. “झोप लागते की,” म्हणाला. दुःख इतकं ताजं असताना झोप व्यवस्थित लागत असेल, तर मी पुढचा प्रश्न विचारतेच: कशाने लागते? तो जरा थांबला. मग खिशातून इअरफोनची गोल, चेनची डबी काढली. वायरीच्या गुंडाळीखाली ब्लेडने नीट कापलेल्या अर्ध्या अर्ध्या गोळ्या. अल्प्राझोलम. वडिलांना बायपासनंतर झोपेसाठी लिहून दिलेली. आधी एक अर्धी पुरायची. आता किती लागतात? “चार अर्ध्या.” ‘दोन गोळ्या’ असं काही तो म्हणेना.

घरात गाण्यांवर पहारा होता आणि गोळ्यांचा डबा फ्रीजवर उघडा.

मेंदूत गाबा नावाचं रसायन मज्जापेशींची धावपळ आवरतं. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या त्या रसायनाचा जोर वाढवतात, म्हणून छातीतली धडधड तासाभरात उतरते. या कुळातलं पहिलं औषध १९६० साली बाजारात आलं, १९६३ मध्ये डायझेपाम आलं, आणि ती सवय लावतात हे जगाला नीट कळायला पुढे बराच काळ गेला. रोज घेतली की मेंदू तिच्या भरवशावर राहतो आणि तोच डोस पुरेनासा होतो. आपल्याकडे ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये आहे. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि विकल्याची नोंद दुकानदाराने ३ वर्षं जपून ठेवायची, असा नियम. पण घरातल्या डब्यातून उचलली तर नोंद कोण ठेवणार?

दारूबरोबर कधी घेतोस का, हे विचारलं, कारण दोन्ही एकत्र पोटात गेली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारलं. असं विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो हा गैरसमज आहे. दोन्हींना त्याचं उत्तर ‘नाही’ असं होतं. (तुमच्या घरी ते ‘हो’ असेल तर भेटीची वेळ मिळायची वाट बघू नका, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र चालू असतो.)

त्याच्या संमतीने आईला आत बोलावून सांगितलं, तर त्या उठल्याच: “आजच्या आज फेकून देते सगळ्या!” तेच करायचं नव्हतं. रोजची गोळी एकदम तोडली तर झोप उडते, हात थरथरतात, कधी फिटसुद्धा येते. मी औषधं देत नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि त्यांनी डोस हळूहळू उतरवला. किती दिवसांत किती, ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते प्रत्येकाचं वेगळं असतं आणि वाचून घरी करायचं काम नव्हे.

माझ्या वाट्याला आलं गाणं. सुरुवातीला गाण्याने जीव कासावीस झाला की तो गोळी घ्यायचा. पुढे पुढे गाण्याची सुरावट वाजली की हात आपोआप डबीकडे. ही जोडी फोडायची होती. म्हणून गाणी बंद केली नाहीत, त्यांची जागा बदलली: अंथरुणात नाही, संध्याकाळी चालताना, एकदाच, रडू आलं तर येऊ द्यायचं. इअरफोन कपाटात आणि गाणी मोबाइलच्या स्पीकरवर, ही युक्ती त्याचीच. डोस उतरताना मध्ये त्याची झोप पार उडाली आणि “मला गोळीशिवाय जमणारच नाही” असं तो म्हणू लागला. ती गोळी उतरण्याची उलटी लाट होती, त्याचा स्वभाव नव्हे. डॉक्टरांनी आहे त्या डोसवर थोडं थांबवलं आणि पुढे नेलं.

आता तो गोळीशिवाय झोपतो. गाणी ऐकतोच, हल्ली आईही स्वयंपाकघरातून फर्माइश सोडते. डब्याला कुलूप लागलंय. बायपास होऊन वर्षं उलटली तरी वडिलांची गोळी चालूच होती आणि ती कधी थांबवायची हे कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा पुढच्या तपासणीला त्याच डॉक्टरांकडे आता वडील निघालेत.