वाचकांचे प्रश्न : कन्सोलवरचा मजकूर विंडोमध्ये

प्रश्न : वाशीला पाठवायच्या आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवण्यासाठी मी जावामध्ये प्रोग्रॅम लिहिला आहे. प्रिंटलाइनचा (मजकूर छापणाऱ्या आज्ञेचा) मजकूर काळ्या कन्सोलऐवजी विंडोतील जेटेक्स्टएरियामध्ये (मजकूर दाखवणाऱ्या चौकटीत) यावा म्हणून आउटपुटस्ट्रीमचा (बाइट बाहेर पाठवणाऱ्या मार्गाचा) नवा क्लास केला. आकडे नीट दिसतात. परंतु ‘हापूस’च्या जागी भलतीच चिन्हे उमटतात आणि बटण दाबल्यावर सगळा मजकूर शेवटी एकदमच येतो. काय करावे?
— एक वाचक, देवगड

उत्तर : सिस्टिम.सेटआउटला आपला प्रिंटस्ट्रीम देण्याची आपली वाट बरोबर आहे, कारण त्यामुळे एकही प्रिंटलाइन न बदलता सारा मजकूर तिकडे वळतो. घोटाळा आहे तो राइट मेथडमध्ये. तिच्या हाती अक्षर पडत नाही, एकेक बाइट पडतो. आकडे यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीत, म्हणजे एन्कोडिंगमध्ये) एकाच बाइटचे असल्याने त्या बाइटचे थेट अक्षर केले तरी निभावते, पण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘हापूस’मध्ये ह, काना, प, दीर्घ उकार आणि स अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात आणि आपला कोड त्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर समजतो.

म्हणून आलेले बाइट साठवत जावेत, ओळ संपवणारा १० या मूल्याचा बाइट आला की साठ्याची यूटीएफ-८ नुसार एकच स्ट्रिंग करून ती टेक्स्टएरियाला जोडावी आणि साठा रिकामा करावा. हा बाइट दुसऱ्या कोणत्याही अक्षराच्या पोटात येत नसल्याने तेथे तोडणे निर्धोक असते. नुसती प्रिंट वापरल्यास तेवढा मजकूर ओळ संपेपर्यंत अडून राहील. हिशेबाच्या यादीला ते चालण्यासारखे आहे. प्रिंटस्ट्रीम तयार करतानाही एन्कोडिंग स्पष्ट द्यावे, कारण जावा १८ च्या आधी ते न दिल्यास संगणकाचे स्वतःचे एन्कोडिंग धरले जात असे.

मजकूर उशिरा येण्याचे कारण वेगळे आहे. बटणाचे काम आणि विंडो रंगवण्याचे काम स्विंगच्या (जावाच्या विंडो बनवण्याच्या लायब्ररीच्या) एकाच इव्हेंट थ्रेडकडे, म्हणजे कामाच्या एकाच धाग्याकडे, असते. तो हिशेबात गुंतल्यावर विंडो रंगवणार कोण? हिशेब स्विंगवर्करमध्ये (वेगळ्या थ्रेडवर काम करणाऱ्या क्लासमध्ये) न्यावा, अपेंड (टेक्स्टएरियाला मजकूर जोडणे) मात्र इन्व्होकलेटरमधूनच (काम इव्हेंट थ्रेडकडे सोपवणाऱ्या मेथडमधूनच) करावे. अपेंड कोणत्याही थ्रेडवरून सुरक्षित असल्याचे जावा ६ च्या माहितीपत्रकात म्हटले होते, ते पुढे वगळण्यात आले. तेव्हा जुन्या पुस्तकांतील कोड जसाच्या तसा उतरवू नये.

चुकांचे संदेश सिस्टिम.एरवर जातात, त्यांच्यासाठी सेटएर वेगळे लावावे लागते. तसेच मूळ सिस्टिम.आउट आधीच एका व्हेरिएबलमध्ये राखून ठेवावे आणि तपासणीसाठी राइटच्या आत काही छापायचे झाल्यास तेच वापरावे. तेथे साधी प्रिंटलाइन लिहिल्यास ती पुन्हा राइटलाच बोलावत राहील.