आधी पाणी, मग घाट

प्रिय भाचीबाई,

तुझं एक्सेल शीट काल रात्री उघडलं आणि वाचतानाच दमलो. चौदा दिवसांत सिडनी, मेलबर्न, उलुरू, गोल्ड कोस्ट, केर्न्स आणि परतीच्या वाटेवर पर्थ! या तक्त्यात सगळ्यात जास्त वेळ कुठे जातोय सांगू? विमानतळांवर. ऑस्ट्रेलिया आपल्या देशाच्या दुपटीहून मोठा आहे. सिडनीहून केर्न्सला जायलाच विमानाने तीन तास लागतात. आणि ज्या डायव्हिंगसाठी हा सगळा खटाटोप, त्याला तू दीड दिवस दिला आहेस. तोही असा की दुपारी पाण्यातून बाहेर आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमानात. तिथे मी लाल पेन काढलं. का, ते पुढे सांगतो.

तुला पाण्याखालचं जग आणि प्राणी बघायचेत, असं तूच वर लिहिलं आहेस. मग ऑपेरा हाऊस राहू दे. ते कुठे पळून जात नाही. उलुरूही राहू दे, जीवावर येतंय तरी. एक कोपरा धर, क्वीन्सलँडचा उत्तरेकडचा किनारा. मुक्काम केर्न्स किंवा पोर्ट डग्लस. तिथली ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे समुद्रातली प्रवाळांची रांग, लांबीला सुमारे २३०० किलोमीटर आहे आणि तिथलं संरक्षित सागरी उद्यान आपल्या अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठं आहे. म्हणजे 'रीफ बघून आलो' हे वाक्यच खोटं. त्यातले चार-पाच तुकडे नीट बघितलेस तरी खूप झालं.

'रीफ मेली, आता जाऊन काय उपयोग' असं तुझ्या त्या मित्राने सांगितलं म्हणे. अर्धवट ऐकलंय त्याने. १९९८, २००२, मग २०१६ आणि २०१७ लागोपाठ, २०२०, २०२२, २०२४ या वर्षी पाणी तापून प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, हे खरं आहे आणि काळजी करण्यासारखंच आहे. पण ती एकसंध भिंत नाही, जवळजवळ तीन हजार वेगवेगळ्या रीफ आहेत. फटका सगळ्यांना सारखा बसलेला नाही. एका ठिकाणी नुसता चुराडा दिसेल आणि तासाभरावरच्या दुसऱ्या ठिकाणी डोळे फिरतील. म्हणून स्वस्तातली, जवळच्या एकाच जागी नेऊन आणणारी बोट घेऊ नकोस. बाहेरच्या रीफवर, दोन-तीन जागी नेणारी घे. हॉटेलात काटकसर कर, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात खिचडी लाव, पण बोटीवर पैसे वाचवू नकोस.

आता शिकण्याचं. मालवणला तू 'स्कूबा केलंय' असं तक्त्यात लिहिलंस, ते खोड. प्रशिक्षकाने मागून टाकी धरलेली, तू हाताने माशांना पाव भरवतेस, व्हिडिओत अंगठा दाखवतेस. मजा आली असेल, नाही म्हणत नाही. पण त्यात तुला कुणी पोहू दिलं नाही, खाली-वर जाऊ दिलं नाही. ऑस्ट्रेलियाला जायच्या आधी इथेच 'ओपन वॉटर'चा, म्हणजे स्कूबाचा पहिला, कोर्स पूर्ण कर. तारकर्लीला कर, अंदमानात स्वराज द्वीपला कर, सुट्टी जुळेल तिथे कर. थिअरी, मग तलावातला सराव, मग समुद्रात चार डाइव्ह. त्यात २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगत राहणं आलंच. हे सगळं तिकडे जाऊन केलंस, तर रीफवरचे चांगले दिवस मास्कमधलं पाणी काढायला शिकण्यात जातील.

सर्टिफिकेट १८ मीटरपर्यंतचं मिळतं, पण खरी परीक्षा पहिल्या दहा मीटरमध्येच असते. तेवढ्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. कान दुखायला लागल्यावर नाक दाबून फुंकायचं नसतं, दुखायच्या आधीच फुंकायचं, दर मीटरभराला, हलक्या हाताने. दुखलंच तर थोडं वर ये आणि मग परत खाली जा. जोर लावायचा नाही. दुसरी गोष्ट बॉयन्सी, म्हणजे पाण्यात तोल सांभाळून तरंगणं. छातीत श्वास भरलास की अंग हळूच वर सरकतं, सोडलास की खाली बसतं. पण लगेच नाही, दोन-तीन सेकंदांनी. नवशिके तेवढं थांबत नाहीत, हातपाय मारतात, आणि मागे पायातल्या फिनच्या एका फटक्यात वर्षानुवर्षांची प्रवाळाची फांदी मोडते. इथल्या गढूळ पाण्यात हे जमलं ना, की तिकडच्या स्वच्छ पाण्यात तू मोकळी होशील. वाळूवर निजलेला व्हाइटटिप शार्क निवांत बघता येईल, टाकीतली हवा किती उरली हे दर मिनिटाला न चाचपता.

आता लाल पेनाचं कारण. दाबाखाली श्वास घेतला की रक्तात आणि अंगात नायट्रोजन जास्त विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो, तासन् तास. तेवढ्यात तू कमी दाबाच्या जागी गेलीस तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे धरणं इथपासून लकवा मारण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. अनेक डाइव्ह केल्यानंतर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्यावेत असा संकेत आहे. मी २४ धरतो. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. पण कमी दाब फक्त विमानातच नसतो. केर्न्सच्या पाठीशी ऐथर्टन टेबललँड्स आहेत, सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे लोणावळ्याहून थोडे उंच. प्लॅटिपस, तो बदकाच्या चोचीचा प्राणी, तिथेच बघायचा असतो. दुपारी बोटीवरून उतरायचं आणि संध्याकाळी गाडीने घाट चढायचा, हा धोका विमानाच्याच जातीचा आहे. मालवणलाही तेच. डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीचा घाट चढून घरी पळणारे कितीतरी पाहिलेत मी. रात्री मालवणात राहा, सोलकढी पी, सकाळी नीघ.

म्हणून क्रम असा लाव. केर्न्सला उतरलीस की पहिला दिवस झोप. मग तीन दिवस, दोन रात्री बोटीवरच राहायची सफर. त्यात दिवसाला तीन-चार डाइव्ह होतात आणि एखादी रात्रीचीही. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी घे, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. परतलीस की दोन दिवस समुद्रसपाटीवरच काढ, डेंट्रीच्या जंगलात. नदीतली मगरींची फेरी, खारफुटी, आणि नशीब असेल तर कॅसोवरी. हा माणसाएवढा उंच पक्षी आहे, निळी मान, डोक्यावर शिरस्त्राण. रस्त्यात आडवा आला तर गाडीतच बस आणि खायला काही टाकू नकोस. माणसाच्या हातचं खायची सवय लागली की तो रस्त्यावर येतो आणि गाडीखाली जातो. मगरींच्या पाट्या मात्र गंमत म्हणून फोटोपुरत्या घेऊ नकोस. पाण्याच्या काठापासून पाच मीटर लांब, आणि नदीत पाय सोडून बसणं अजिबात नाही.

त्यानंतर घाट. युंगाबुरा नावाच्या छोट्या गावात ओढ्याकाठी प्लॅटिपस बघण्याची जागा आहे. पहाटे किंवा दिवस मावळताना जा. आधी मातकट पाण्यावर बारीक बुडबुड्यांची ओळ सरकताना दिसते. नजर तिच्यापुढे ठेव. मग मांजरापेक्षा लहान, तपकिरी, चपटं काहीतरी वर येतं, काही क्षण तोंडातलं चावतं आणि कमान करून पुन्हा बुडतं. बोलू नकोस, फ्लॅश नको. फोटो धड येणार नाही, त्यामुळे मोबाइल खिशातच राहू दे.

कोआला तुझ्या यादीत 'कडेवर घेऊन फोटो' असा आहे. झाडावरचा बघ गं. टाउन्सव्हिलसमोर मॅग्नेटिक आयलंड आहे, फेरीने जाता येतं. तिथल्या फोर्ट्‌स वॉकवर निलगिरीच्या बेचक्यांत ते रानात बसलेले असतात, बहुतेक वेळ झोपलेले. केर्न्सपासून टाउन्सव्हिल साधारण साडेतीनशे किलोमीटर. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, पण अंधार पडताना चालवू नकोस. वॉलबी, म्हणजे छोटं कांगारू, कुठून उडी मारेल सांगता येत नाही. टाउन्सव्हिलला गेलीस की १९११ साली वादळात बुडालेल्या 'योंगाला' जहाजावर डाइव्ह करायचा मोह होईल. १२२ माणसं गेली त्यात. जागा अफाट आहे, पण खोल आहे आणि प्रवाह जोराचा असतो. पुढच्या खेपेला, ॲडव्हान्स्ड कोर्स करून. पश्चिम किनाऱ्यावरच्या निंगालू रीफचंही तेच, मार्च ते जुलै तिथे व्हेल शार्क येतात. ती वेगळी सहल आहे, या तक्त्यात कोंबू नकोस.

महिना ऑगस्ट ते ऑक्टोबर धर. गणपती सोडवत नसतील तर विसर्जनानंतर नीघ. नोव्हेंबर ते मे त्या किनाऱ्यावर विषारी बॉक्स जेलीफिशचा काळ असतो. बोटीवाले अंगभर सूट देतात म्हणा, पण किनाऱ्यावर मनसोक्त डुंबता येत नाही. शिवाय पुढे तिकडचा पावसाळा.

व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणारं काहीही बुक करू नकोस. विम्यात स्कूबा आहे का आणि किती मीटरपर्यंत, ते बारीक अक्षरात वाच. साध्या प्रवास विम्यात बहुधा नसतं. आणि आई पेढे-बर्फी बांधून देईल, ती घरीच ठेव. दुधाची मिठाई तिकडे नेऊ देत नाहीत. बाकी खाण्याचं जे नेशील ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर खरंखरं लिही. लपवलं तर जबर दंड होतो.

राहता राहिलं ते सगळ्यात आधी करायचं. तुझ्या लहानपणी बॅगेत इनहेलर असायचा, मला आठवतंय. डायव्हिंगच्या आरोग्य फॉर्मवर दम्याचा प्रश्न असतोच, आणि क्वीन्सलँडमध्ये तो फॉर्म गांभीर्याने घेतात. तिथे 'हो' लिहिलंस आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र नसलं, तर पैसे भरूनही डेकवर बसावं लागेल. 'नाही' लिहून मोकळी होऊ नकोस. आकसलेल्या श्वासनळीमागे अडकलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुस फाडते, त्यात चेष्टा नाही. नेहमीच्या डॉक्टरांऐवजी डायव्हिंगचं वैद्यक कळणाऱ्यांकडे जा. नौदलातून निवृत्त झालेले काही डॉक्टर हे तपासतात. फुप्फुसांची चाचणी करून घे. ते नाही म्हणाले, तर आपण सगळा बेत स्नॉर्केलिंगवर, म्हणजे नळीतून श्वास घेत पाण्यावरूनच बघण्यावर, बसवू. रीफचे बरेचसे रंग वरच्या पाच-सहा मीटरमध्येच असतात, आणि मग घाटाचा क्रमही हवा तसा लावता येईल. म्हणून तिकीट त्या चाचणीनंतर. रिपोर्ट आला की नवा तक्ता पाठव, एक प्रत आईला.

तुझा,
मामा