मांजर लॅपटॉपवर बसून उठल्यापासून बटणं नीट चालत नाहीत (पटकन दाबलं तर अक्षर उमटत नाही, थोडा वेळ दाबून धरलं तर उमटतं), स्क्रीन आडवी झालीय, टचपॅडही बंद आहे. दुकानदार कीबोर्ड बदला म्हणतो. बदलू का? (विंडोज ११)

आत्ताच बदलू नका. बटण पटकन दाबलं तर अक्षर उमटत नाही, पण थोडा वेळ दाबून धरलं तर उमटतं, असं तुम्ही लिहिलंय. कीबोर्ड बिघडला की सहसा असं होत नाही. काही बटणं पूर्ण मरतात किंवा एकच अक्षर आपोआप उमटत राहतं. तुमच्याकडे विंडोजमधलं 'फिल्टर कीज' चालू झालेलं दिसतंय. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी ही सोय आहे, म्हणून ओझरता दाब ती सोडून देते. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ती चालू करायची का, असं विंडोज विचारतं. एंटर त्या शिफ्टच्या बरोबर वर असतं, त्यामुळे तिथे बसलेलं मांजर 'हो' पण म्हणून टाकतं.

खात्री करायची तर एखादा यूएसबी कीबोर्ड जोडून पाहा. तोही तसाच अडखळला तर दोष सेटिंगचा. तो नीट चालला आणि लॅपटॉपचाच अडखळत राहिला, तर मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं असू शकतं.

बंद करायला उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद दाबून धरा. नाहीतर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे जाऊन फिल्टर कीज बंद करा. त्यातच आत शिफ्टचा शॉर्टकट बंद करायचं वेगळं बटण आहे, ते विसरू नका. तो चालू राहिला तर पुढच्या बैठकीत हेच पुन्हा होणार. वरच असलेल्या स्टिकी कीजचा शॉर्टकटही बंद करा, तो शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर जागा होतो. पासवर्डच टाइप होत नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, फिल्टर कीज तिथूनही बंद करता येतं.

स्क्रीनसाठी विंडोज आणि आय एकत्र दाबा, मग सिस्टम, डिस्प्ले, डिस्प्ले ओरिएंटेशन, आणि तिथे लँडस्केप निवडा. माउस नसेल तर टॅब, बाण आणि एंटरवर सगळं होतं. बदल ठेवायचा का हे विचारल्यावर लगेच होकार द्या, नाहीतर काही सेकंदांत स्क्रीन पुन्हा आडवी होते. इंटेल ग्राफिक्सच्या जुन्या ड्रायव्हरवर कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण एवढ्यानेच काम होतं. ती आडवी झाली तीही बहुधा कंट्रोल, ऑल्ट आणि डाव्या किंवा उजव्या बाणाने.

टचपॅडसाठी वरच्या ओळीत टचपॅडचं चित्र असलेलं बटण शोधा आणि ते एफएनसोबत दाबा. काही मॉडेलांत टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर दोनदा टिचकी मारावी लागते. दोन्ही जमलं नाही तर सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हाइसेसखाली टचपॅड आहे.

आता मांजराबद्दल. ते खोड्या काढायला तिथे येत नाही, ऊब शोधत येतं. साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस तापमान त्याला सुखाचं वाटतं आणि चालू लॅपटॉप तेवढा गरम असतोच. म्हणून त्याला हुसकावत बसण्यापेक्षा टेबलावर शेजारी घोंगडी घातलेलं खोकं ठेवा. हा उपाय मला सगळ्यांत बरा वाटतो, कारण त्यात मांजराचंही मन राखलं जातं. बंद झाकणावर मात्र बसू देऊ नका. चार-पाच किलोंचं वजन सरळ स्क्रीनच्या पॅनेलवर येतं.

केस पंख्यात जातात. पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या मधे त्यांचा गादीसारखा थर साचतो, मग लॅपटॉप तापून मंदावतो. लॅपटॉप पूर्ण बंद करून दाबलेल्या हवेच्या डब्याने झोत मारा, पण पातं टूथपिकने अडवून धरा. ते मोकळं राहिलं तर भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं.

जागेवरून उठताना विंडोज आणि एल दाबून लॉक करायची सवय लावा, म्हणजे अर्धवट मेल कुणाला जात नाही. मांजराने लॉक पडद्यावर चुकीचे पिन टाकले तर विंडोज 'ए१बी२सी३' टाइप करायला सांगतं. घाबरू नका, ते इंग्रजी अक्षर-अंकांत तसंच टाइप करा, मग पिन पुन्हा टाकता येतो.