दिवाळीचं कडवं

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. सोबतचं गाणंही ऐकलं, दोनदा. आवाजाबद्दल काही लिहीत नाही. तो कसा आहे हे तुला ठाऊक आहे, तुझ्या आईला तर जरा जास्तच ठाऊक आहे. तू तीन प्रश्न विचारलेस. मला त्यात एकच दिसतो.

२६ जानेवारीला तुला 'ऐ मेरे वतन के लोगों' म्हणायचंय. संयोजक म्हणतात साडेतीन मिनिटांत बसव, आणि ट्रॅकही त्यांनीच कापून दिलाय. हिमालयाचं कडवं, त्यावरून थेट शीख-जाट-मराठ्यांचं, की लगेच जय हिंद. मधलं दिवाळीचं गेलं, शेवटचंही गेलं. आणि तू विचारतेस, "आजोबा, चालेल ना?"

नाही चालणार. पूर्ण गा, नाहीतर गाऊ नकोस. दुसरं काहीतरी म्हण, मी हसत साथ करीन.

मराठ्यांचं कडवं त्यांनी का ठेवलं, सांगू? आपल्या इंदूरच्या सभागृहात त्या शब्दाला टाळी पडते. चाळीस वर्षं पेटीवर बसून ती टाळी ऐकली आहे मी. शब्द यायच्या आधीच हात वर येतात. आपलं नाव निघालं की आपण जागे होतो. होऊ दे. पण हे गाणं चीनच्या युद्धात गेलेल्या जवानांचं आहे, तेव्हा तू जरा त्यातल्या रेझांग लाच्या लढाईबद्दल वाच. १८ नोव्हेंबर १९६२, लडाखमध्ये चुशूलजवळ, सोळा हजार फुटांवर १३ कुमाऊं पलटणीची चार्ली कंपनी. मेजर शैतान सिंग आणि त्यांचे सव्वाशेच्या आतबाहेर जवान. त्यातले ११४ तिथेच राहिले. बहुतेक हरियाणाकडचे अहीर. आता गाण्यातली यादी आठव: शीख, जाट, मराठा, गुरखा, मद्रासी. अहीर नाहीत. मला ते पुढच्या कडव्यात दिसतात, रक्तानं भिजलेला माणूस पुन्हा बंदूक उचलतो तिथे. ट्रॅकमधून नेमकं तेच गाळलंय.

आणि हे बघ. दिल्लीत हे गाणं पहिल्यांदा गायलं गेलं ते १९६३च्या जानेवारीअखेर. रेझांग लाचे देह खाली आणले फेब्रुवारीत. म्हणजे लताबाई गात होत्या तेव्हा ती माणसं वरच होती, बर्फात. हे कोणी सांगत नाही. निवेदक दरवर्षी सांगतो तो नेहरूंच्या डोळ्यांतल्या पाण्याचा किस्सा, त्याला चांगली तीन मिनिटं घेतो. मग लताबाई आपल्या इंदूरच्या, शीख मोहल्ल्यातल्या, गाणं लिहिणारे प्रदीपजी इथून जवळच्या बडनगरचे, चाल लावणारे सी. रामचंद्र म्हणजे तर आपले चितळकर. गेली आणखी दोन मिनिटं. तेवढ्या वेळात गाळलेली दोन्ही कडवी आरामात होतात. घड्याळ लावून सांगतोय.

तुझी मैत्रीण म्हणते, हरलेल्या युद्धाचं रडगाणं किती दिवस गायचं. तिला म्हणावं, जिंकलेल्या युद्धाला बँड असतो, मिरवणूक असते, चौकात रणगाडा ठेवतात. हरलेल्यात गेला त्याला काय मिळतं? रेझांग लावरून जे मोजके जिवंत परतले, त्यांनी तिथे काय घडलं ते सांगितलं, तर आधी कोणाला पटेना. पुढे बर्फातून देह सापडले, हातांत हत्यारं तशीच धरलेली, तेव्हा पटलं. सांगणाऱ्याला अर्ध्यावर गप्प करायची खोड तेव्हाचीच आहे. तुझा संयोजक काही नवीन करत नाहीये.

राहिला तुझा तिसरा प्रश्न, की घरात कोणी फौजेत नाही, मग आपल्याला गायचा हक्क काय. माझ्याही घरात नव्हतं गं कोणी. वडील कापड गिरणीत कारकून. हक्काचा विचार करत बसू नकोस, कडवी पाठ कर.

एक गोष्ट सांगतो. तुझ्या आईला थोडी माहीत आहे, पण पूर्ण नाही.

रामबागेत आमच्या वाड्यामागे एक बाई राहायच्या. सगळी आळी त्यांना मावशी म्हणायची. यजमान फौजेच्या सिग्नल्समध्ये, इथल्याच महूच्या छावणीत शिकलेले, तिथून नेफात, म्हणजे आताच्या अरुणाचलात, गेले. चिन्यांचा हल्ला झाला २० ऑक्टोबरला, आणि त्या साली दिवाळी आली ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. मावशींनी पणत्या लावल्या. करंज्या केल्या, चार जास्तीच्या डब्यात घालून ठेवल्या, सुट्टी मिळाली तर असाव्यात म्हणून. तार दिवाळी उलटल्यावर आली. ते गेल्याची तारीख तिच्यात वीसची होती.

दर जानेवारीला त्या पहिल्या रांगेत, डावीकडच्या खुर्चीवर असायच्या. कार्यक्रमाआधी स्टेजपाशी येऊन एवढंच विचारायच्या, "दिवाळीचं घेणार ना रे?" मी मान हलवायचो. त्या कडव्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे नसायचं. पदर नीट करून ताठ बसायच्या, कोणी आपल्याबद्दल बोलत असताना माणूस बसतो तशा.

कारगिलनंतरच्या जानेवारीत सभागृह खच्चून भरलं होतं. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले, त्यात त्यांचं भाषण. आमची पाळी आली तेव्हा विंगेतून संयोजकानं बोट हवेत गोल फिरवलं. गुंडाळा. गाणारी मुलगी तुझ्याच वयाची. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी हिमालयाच्या कडव्यावरून सरळ मराठ्यांच्या कडव्यावर उडी मारली. टाळी पडली, नेहमीसारखी.

बाहेर पायरीशी मावशी चप्पल शोधत होत्या. म्हणाल्या, "यंदा दिवाळी नाही झाली रे." रागानं नाही, सहज. पुढच्या जानेवारीला ती खुर्ची दुसऱ्या कोणीतरी घेतली.

मी बरीच वर्षं संयोजकाला दोष दिला. बोट त्याचं होतं, खरं आहे. पण पेटीवर बोटं माझी होती, आणि त्यांनी एका क्षणात ऐकलं.

त्यानंतर कापलेलं गाणं वाजवलं नाही. एकदा तर भर कार्यक्रमात भाता बंद करून उठलो. गाणाऱ्या पोराची फजिती झाली, बिचारा मुखड्यावरच लोंबकळत राहिला. ते चुकलंच. म्हणजे, अगदीच चुकलं असंही म्हणवत नाही. मी आधी दोनदा बजावलं होतं. नंतर बोलावणी कमी झाली, मग थांबलीच. म्हातारा हेकट आहे म्हणतात. ज्या गावात वरातीतल्या डीजेला तीन तास असतात आणि रात्री एक वाजता सराफ्याच्या खाऊगल्लीत उभं राहून जिलबी खायला वेळ असतो, तिथे सहा-साडेसहा मिनिटं मागणारा मी हेकट! बरं.

आता कामाचं. सुरुवातीच्या ओळी तालात नाहीत, त्या बोलल्यासारख्या जाऊ देत. कीबोर्डवाल्याला तिथे हात बांधून बसायला सांग. तू दिवाळीच्या कडव्यात सुरांच्या तीन हरकती घेतल्यास. तिन्ही सुरेख आहेत, तिन्ही काढ. शेवटच्या कडव्याआधी पूर्ण श्वास घे, घाई वाटली तरी घे. जय हिंदला लोक आपणहून सूर लावतात, तेव्हा तू माईकपासून थोडी मागे हो. २०२२ साली दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये, फौजेच्या बँडच्या सोहळ्यात, 'अबाइड विथ मी' या इंग्रजी प्रार्थनेच्या जागी हीच धून वाजवली, तीही ऐक, छान आहे. पण बँडला शब्द नसतात, तो कुठेही थांबला तरी चालतो. तुझ्याकडे शब्द आहेत.

संयोजकाला आजच फोन कर, आयत्या वेळी नाही. माझ्यासारखं तर मुळीच नको. सांग, निवेदन कमी करा, मी एकही कडवं गाळणार नाही. नाही म्हणाले तर "बरं" म्हण आणि ठेवून दे. दुसरी कोणीतरी गाईल, तिचा फोटो छापून येईल, तुला दोन दिवस झोप लागणार नाही. मलाही लागायची नाही.

त्याआधी एक दिवस काढून महूला जा, इन्फंट्री म्युझियम बघून ये. एकटी जा. मैत्रिणीला न्यायचंच असेल तर त्या रडगाणंवालीला ने.

रविवारी सकाळी नऊला ये. पोहे खाऊन ये, माझ्याकडे आता करणारं कोणी नाही. तो ट्रॅक मला ऐकवू नकोस. पेटीची काळी दोनची पट्टी जरा अडकते, तेवढं सांभाळून घेऊ. दिवाळीच्या कडव्यापासूनच सुरू करू.

तुझा,
आजोबा