नोकरी सोडून समाजासाठी काहीतरी करायचंय

“मॅडम, मला नोकरी सोडायचीय. पगार बरा आहे, साहेबही माणूस म्हणून चांगले आहेत. पण नऊ वर्षं मी जे करतोय त्याने कुणाचं काय भलं झालं, हे मला सांगता येत नाही.”

मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य थोड्याफार फरकाने महिन्यातून दोन-तीनदा ऐकते. बोलणारा बहुतेक तिशी-पस्तिशीतला. फ्लॅटचं कर्ज निम्मंही फिटलेलं नसतं, मूल पहिली-दुसरीत असतं, आणि नुकतंच कुठल्यातरी कार्यकर्त्याचं भाषण ऐकून घरी आल्यावर रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो. त्यातल्याच एकाची ही हकिगत. त्याच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. कंपनीतली ट्रेनी पोरं त्याला ‘क्वालिटीवाले सर’ म्हणतात. इथेही तेच नाव पुरेल.

सर चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. गाव करमाळ्याकडचं, घर मोशीला. प्रमोशन दारात आलेलं, सगळ्या प्लँटची क्वालिटी त्यांच्याकडे येणार होती. आणि नेमकं तेच त्यांना नको होतं. “वर गेलो की मीटिंगा आणि ऑडिट. माणसांशी संबंध संपला.” त्यापेक्षा राजीनामा द्यावा, गावी जावं, तिथल्या मुलांसाठी काहीतरी करावं, असं त्यांच्या मनात पक्कं होत चाललं होतं.

पहिल्या भेटीत मी चुकले. मला वाटलं, माणूस थकलाय. दोन महिन्यांत चार रविवार कंपनीत गेलेले, म्हणून मी झोप, भूक, रजा यांच्याच मागे लागले. झोप नीट होती. भूक नीट होती. मोकळ्या रविवारी पोराला घेऊन दुर्गा टेकडीवर जाणंही चालू होतं. (ज्यांचं तसं नसतं, म्हणजे आठवडेच्या आठवडे झोप उडालेली, कशातच रस नाही, जगणंच नको वाटतंय, त्यांनी करिअरचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलता येतं. त्या अवस्थेत राजीनामा लिहू नये.)

दुसऱ्या भेटीला पत्नीही आल्या. मी सरांना विचारलं, “गावी गेल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी नऊ वाजता तुम्ही कुठे असाल? हातात काय असेल?”

“शाळेत जाईन. गुरुजींना भेटेन.”

“मग?”

सर गप्प. उत्तर शेजारच्या खुर्चीतून आलं, “मी सांगते मॅडम. नऊ वाजता हे सासूबाईंच्या हातचा चहा पीत ओट्यावर बसलेले असतील.”

सर हसले. त्या हसल्या नाहीत. “समाजकार्य यांनी करायचं आणि घराचा हप्ता माझ्या पगारातून जायचा, हे कुणी बोलतच नाही,” असं त्या म्हणाल्या, आणि ते शंभर टक्के खरं होतं. अशा निर्णयात घरातलं दुसरं माणूस न विचारताच देणगीदार होऊन बसतं. दोघांनी त्याच रात्री वहीत महिन्याचा खर्च मांडावा, एवढंच मी सांगितलं. आकडा बघून दोघंही दचकले, असं नंतर कळलं.

सोमवारचा तो प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते आणि बहुतेक जण तिथेच अडतात. त्यांचा दोष नाही. आपण समाजकार्य करणाऱ्या माणसांच्या गोष्टी ऐकतो तेव्हा त्यातला त्याग तेवढा लक्षात राहतो. बाबा आमट्यांनी वकिली सोडली, हे घराघरात माहीत आहे. पण कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभं करण्याआधी 1949 साली ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्या रोगाचा अभ्यास करून आले होते, हे किती जणांना आठवतं? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत गेले ते डॉक्टरकी आणि संशोधनाचं शिक्षण सोबत घेऊनच, आणि 1986 साली त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. पुढे त्यांनी बेताचं शिकलेल्या गावच्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाला न्यूमोनिया झालाय का हे ओळखण्यापासून इंजेक्शन देण्यापर्यंतचं काम त्या घरोघरी जाऊन करू लागल्या आणि बाळांचे मृत्यू कमी झाले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तर 1970 पासून याच वाटेने काम उभं केलं होतं.

हे मी सरांना सांगितलं ते भारावून टाकायला नाही. भारावलेले ते आधीच होते. मला विचारायचं होतं एवढंच, की तुमच्या हातात असं काय आहे जे दुसऱ्याच्या हातात देता येईल?

“माझ्या हातात? व्हर्नियर,” ते जरा चिडूनच म्हणाले. व्हर्नियर म्हणजे सुट्या भागांचं बारीक माप घ्यायचं साधन.

मग मी त्यांना पंधरा दिवसांचं काम दिलं. रोज रात्री एकच ओळ लिहायची, आज कुठल्या वेळी घड्याळाकडे बघायचं राहून गेलं. वही आणली नव्हती, इन्स्पेक्शन रिपोर्टच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून आणलं. चौदा ओळींत एक गिऱ्हाईक कंपनीची तक्रार सोडवल्याची, एक पोराच्या सायकलची, पाच-सहा अगदीच सटरफटर. सहा ओळी ट्रेनी पोरांच्या होत्या. त्यातली एक मी मोठ्याने वाचायला लावली.

बीडकडचा एक आयटीआय झालेला पोरगा, अप्रेंटिस म्हणून आलेला. सेकंड शिफ्टला त्याने चाळीस पीस लाल बिनमध्ये, म्हणजे नापास मालाच्या डब्यात टाकले. ड्रॉइंगवर माप 24.30 मिलिमीटर, वर-खाली 0.05 चालतं. त्याच्या मते पीस 24.17 भरत होते. सुपरवायझरने सगळ्यांदेखत त्याला आईवरून शिवी दिली आणि लाइनवरून काढून पॅकिंगला लावलं. सर राउंडला आले तेव्हा पोरगा वॉटर कूलरपाशी पाठ करून उभा होता. सरांनी त्यातला एक पीस उचलला, डिजिटल कॅलिपरची बॅटरी उतरलेली म्हणून साधा व्हर्नियर लावला आणि त्याच्या हातात दिला. “वाच.” मेन स्केलवर 24. व्हर्नियरची सतरावी रेघ जुळत होती. पोरगा म्हणाला, “24.17.”

तो रेघेचा आकडा सरळ मागे चिकटवत होता. एक रेघ म्हणजे 0.02, म्हणून सतरा रेघा म्हणजे 0.34, माप 24.34, पीस ओके. दोन वर्षांच्या आयटीआयमध्ये त्याच्या वाट्याला व्हर्नियर आला तो वीस जणांत एक. सरांनी खडूने जमिनीवर हातभर लांब स्केल काढली आणि खाली उकिडवे बसून शिकवलं. शिफ्ट सुटली. कंपनीची बस गेली. सर रात्री शेअर रिक्षाने घरी आले आणि पत्नीचा ओरडा खाल्ला.

वाचून झाल्यावर ते कागद चाळत राहिले. “पण हे काय समाजकार्य आहे का?”

या प्रश्नावर मी पूर्वी लांबलचक बोलायचे. आता नाही बोलत. मी विचारलं, त्या पोराचं पुढे काय झालं? दुसऱ्या दिवशी सरांनी सुपरवायझरला गाठून त्याला परत लाइनवर घेतलं होतं. “तुम्ही नसता तर?” “पॅकिंगलाच राहिला असता वर्षभर. मग गावी.” ते थांबले. “दरवर्षी तसे जातातच की.”

तिथून बोलणं प्रमोशनकडे वळलं. मी कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, या नव्या पदावर गेल्यावर तुमच्या एका सहीने काय काय होऊ शकेल, ते लिहा. पगार, गाडी, केबिन काही लिहायचं नाही. पाच मिनिटं पेन हललं नाही. मग एकेक उतरलं. ट्रेनिंगचे तास. गेज आणि कॅलिपरची खरेदी. कुठला ट्रेनी कुठल्या मशीनवर. क्वालिटीच्या सुपरवायझरांचं वर्षाचं मूल्यमापन. या शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. शिवी देणारा सुपरवायझर त्यांच्याच हाताखाली येणार होता.

वर गेल्यावर माणसं तुटतात ही भीती खोटी नाही. मी तशी तुटलेली माणसं रोज बघते. पण या माणसाच्या बाबतीत ज्या पोरांसाठी त्याचा जीव तुटत होता, त्यांचं वर्ष कसं जाणार हे नेमकं त्याच खुर्चीतून ठरत होतं, आणि तीच खुर्ची तो नाकारून गावी जायला निघाला होता. मी हे बोलून दाखवलं नाही. कागद समोर होता.

तरी गावाकडचा विचार मी खोडून टाकला नाही. तो खरा असेल तर टिकेल, म्हणून आठ दिवस रजा टाकून विदर्भातल्या एका संस्थेत राहून या असं सुचवलं. परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन. तिथल्या ताईंनी दुसऱ्याच दिवशी त्यांना औषधांच्या स्टोअरमध्ये बसवलं होतं. रजिस्टरात लिहिलेलं आणि फळीवर असलेलं यांचा मेळ नव्हता, मुदत संपलेल्या बाटल्या चालू साठ्यात. सरांनी पाच दिवसांत सगळं लावून दिलं, लेबलं डकवली, जुना माल आधी बाहेर जाईल अशी मांडणी केली. ताई म्हणाल्या, “भाषण द्यायला येणारे खूप असतात हो. स्टॉक लावणारा पहिल्यांदा आला.” दर वर्षी आठ दिवस जायचं सरांनी ठरवलं. कायमचं जायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं, माझ्या तोंडून तसं काही निघालं नव्हतं.

प्रमोशन घेताना त्यांनी अट घातली, दर गुरुवारी ट्रेनींसाठी दोन तास. आधी ते प्लँट हेडकडे ‘आपण समाजाचं देणं लागतो’ असं बोलायला जाणार होते. मी अडवलं. तसं बोललं की फाइल सरळ सीएसआरकडे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक खर्चाच्या खात्याकडे जाते. 2013 च्या कंपनी कायद्याने ठराविक नफ्या-उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, पण फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च त्यात धरत नाहीत. तिथून “आपल्याच पोरांसाठी कसं बसवणार?” असा फाटा फुटला असता आणि शेवटी वृक्षारोपणाचा फोटो निघाला असता. सरांनी त्यांच्या नेहमीच्या भाषेत मांडलं. चांगले असून लाल बिनमध्ये गेलेले पीस महिन्याला किती, त्याची किंमत किती, ट्रेनी मध्येच सोडून जातात तेव्हा नवा तयार करायला किती दिवस. दोन तासांचा एक तास झाला. मिळाला मात्र.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. कंत्राटावरच्या पोरांना त्या तासाला बसू देत नाहीत. ती कंत्राटदाराची, असं उत्तर येतं. सर दोनदा बोलून आले, काही हललं नाही. शिवी देणाऱ्या सुपरवायझरने बदली मागून घेतली, म्हणजे तो आता दुसऱ्या कुणाला तरी देत असेल. दिवाळीआधी उत्पादनाचा ताण आला की गुरुवार पहिला कापला जातो. पत्नीच्या मते सर आता पूर्वीपेक्षा उशिरा घरी येतात, आणि ते खरंच आहे. ती बोलणी आमची अजून चालू आहेत.

हे वाचून विशी-बाविशीतली मुलं मला विचारतील, आमच्याकडे ना खुर्ची, ना सही, आम्ही काय करायचं? तुमचं गणित वेगळं आहे. हप्ते नाहीत, पोरंबाळं नाहीत, तेव्हा टीच फॉर इंडियातून शाळेत शिकवायची दोन वर्षं किंवा मुख्यमंत्री फेलोशिपसारखं सरकारसोबतचं वर्षभराचं काम आत्ताच करून बघा. शिकून परत येण्यात तुमचं फार काही जात नाही. सरांसारख्यांना मात्र ती मोजदाद दोघांनी मिळून, वही घेऊनच करावी लागते.

गेल्या महिन्यात सर आले ते खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले. बीडचा तो पोरगा आता कायम झालाय आणि गुरुवारच्या तासाला नव्या पोरांना व्हर्नियर तोच शिकवतो. हुशार आहे, हात साफ आहे. पण समोरच्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं की त्याचा आवाज चढतो. परवा एका पोराला तो अख्ख्या लाइनसमोर “एवढं येत नाही का रे तुला?” म्हणून ओरडला, आणि ते पोरगं कूलरपाशी जाऊन उभं राहिलं.

“त्याला एकट्याला बोलावून सांगायचंय,” सर म्हणाले. “पण कसं सांगू? मी ओरडलो तर तेच झालं ना?”

तो सगळा तास आमचा त्यातच गेला.