वाइन चाखायला पहिल्यांदाच जाताय ना?

आधी नीट खाऊन जा आणि अत्तर लावू नका. वाइनची निम्मी चव वासातच असते, आणि अत्तराचा घमघमाट शेजारी उभ्या माणसाचीही मजा घालवतो.

युरोपातल्या बऱ्याच बाटल्यांवर द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं किंवा प्रदेशाचं असतं. नवीन माणूस तिथेच बिचकतो. फ्रान्समधल्या शाब्ली गावाची वाइन म्हणजे शार्दने द्राक्ष, इटलीतल्या कियांती क्लासिकोत किमान 80 टक्के सांजोवेसे द्राक्ष, तिथल्याच बारोलोची रेड वाइन म्हणजे निव्वळ नेबिओलो द्राक्ष. जर्मनीतल्या मोझेलच्या रीसलिंगवर (हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष) अल्कोहोल 8-9 टक्के दिसलं, की ती बहुधा गोडसर निघते. सगळी साखर आंबलेली नसते. गोड नको असेल तर ‘ट्रोकन’ (जर्मनमध्ये ‘कोरडी’, म्हणजे गोड नसलेली) लिहिलेली मागा.

बारोलोचा रंग फिका दिसतो, त्यावर जाऊ नका. घोट घेतला की जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडते, हिरड्या कोरड्या पडतात. हे टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य. मग पार्मेजानो या इटालियन चीजचा एक तुकडा चावून दुसरा घोट घ्या. तीच वाइन किती मवाळ लागते बघा! मला तर हा क्षण सगळ्यात जास्त आवडतो.

चाखलेली वाइन थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते बिनदिक्कत वापरा. आणि गोड वाइन शेवटी घ्या, नाहीतर पुढची प्रत्येक आंबट लागेल.