एमपीएससीच्या (राज्य लोकसेवा आयोगाच्या) राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा स्कोअर प्रत्येक आन्सर कीनुसार वेगळा येतोय. कोणता धरायचा आणि मेन्सच्या, म्हणजे मुख्य परीक्षेच्या, अभ्यासाला लागायचं का?

तुमच्या प्रश्नातले आकडे आधी एकदा मांडतो, म्हणजे मागून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. जीएसला (सामान्य अध्ययनाच्या पेपरला) ९३ अटेम्प्ट, ७ सोडले. एका क्लासच्या कीनुसार १०३.५, दुसऱ्या क्लासच्या कीनुसार १११. सीसॅट (गणित-बुद्धिमत्ता आणि उताऱ्यांचा, फक्त पात्रतेपुरता दुसरा पेपर) काठावर, ६६.८७५. रूममेटला ११८ येतोय आणि त्याचं म्हणणं, ११० च्या खाली असेल तर मेन्सची पुस्तकं उघडायचीच नाहीत. वर टेलिग्रामच्या पोलने तुमची झोप उडवलीय.

मी पुण्यात राहून बरीच वर्षं हेच केलं. आता तालुक्याच्या एका कार्यालयात नोकरी करतो, पण पूर्वच्या दिवशी संध्याकाळी गावाकडच्या पोरांचे फोन सुरू होतात ते रात्री अकरापर्यंत. सगळ्यांचा प्रश्न हाच असतो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: जीएसच्या दोन आकड्यांतला खरा कोणता हे शोधत बसू नका, सीसॅट आज रात्री पुन्हा मोजा, आणि मेन्सला लागा. आता का, ते सांगतो.

साडेसात गुणांचा फरक ऐकायला डोंगराएवढा वाटतो, पण त्यात प्रश्न तीनच आहेत. १०३.५ म्हणजे तुमचे ६० बरोबर, ३३ चूक. १२० मधून साडेसोळा गेले. १११ म्हणजे ६३ बरोबर, ३० चूक. १२६ मधून १५ गेले. चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांच्या पाव हिस्सा वजा होतो, म्हणजे जीएसला अर्धा गुण. त्यामुळे एक उत्तर बरोबरच्या रकान्यातून चुकीच्या रकान्यात गेलं की दोन गुण जात नाहीत, अडीच जातात. पोरं नेमका हा अर्धा विसरतात आणि मग रात्रभर गणित जुळत नाही म्हणून चिडतात.

तेव्हा दोन्ही की शेजारी ठेवा, ते तीन प्रश्न हुडकून काढा आणि त्यावर पेन्सिलने गोल करा. मग दोन्ही की जिथे एकमत आहेत, पण तुम्हाला पुस्तक उघडल्यावर वेगळंच उत्तर दिसतं, असेही प्रश्न त्यात घाला. हा झाला वादातला रकाना. तो सगळा चुकला असं धरून एकदा बेरीज करा, सगळा बरोबर आला असं धरून एकदा. खरा स्कोअर बहुतेक या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असेल. वादात सहा प्रश्न असले तर हा पट्टा १५ गुणांचा होतो, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आयोगाची की येईपर्यंत प्रत्येकाचा तेवढाच रुंद असतो. फक्त बाकीचे वरचं टोक सांगतात.

मोजताना एक पथ्य पाळा. प्रश्नपुस्तिकेवरच्या टिका बघून मोजू नका, उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी समोर घ्या. ती फिकट असते, काही गोळे ट्यूबलाइटखाली तिरके धरूनच दिसतात, तरी तीच घ्या. पुस्तिकेत आपण दोनला टिक करतो, शेवटच्या पाच मिनिटांत गोळा तीनचा काळा करतो, आणि संध्याकाळी मात्र शपथेवर सांगतो की मी दोनच केला होता. बरोबर पर्याय कळल्यानंतर माणसाची आठवण त्याच्याच बाजूने झुकते. एका प्रश्नाला दोन गोळे झाले असतील तर तो चुकीत धरा.

आता मित्रांबरोबर उत्तरं जुळवण्याबद्दल. पेपर सुटल्यावर सदाशिव पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आसपास कुठल्याही चहाच्या टपरीवर उभे राहा. हातात गुंडाळी केलेल्या पुस्तिका, कटिंग थंड होतोय, आणि कुणीतरी विचारतं, "सत्तेचाळीसला काय केलंस?" दुसरा म्हणतो, "तीन." पहिल्याचा चेहरा पडतो. मग तिसरा विचारतो, "सेट कुठला तुझा?" एकाचा ए, दुसऱ्याचा सी. दोघं दोन वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं जुळवत होते. मग प्रश्न मोठ्याने वाचायचा, शेजारचा चौथा मधेच म्हणतो, "अरे त्यात 'अचूक नाही' विचारलंय," आणि दोघं गप्प. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की टपरीवरच्या कुठल्याही आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

पण जुळवूच नका असं सांगणाऱ्यांपैकी मी नाही. पेपर होऊन गेल्यावर जुळवल्याने काही बिघडत नाही, उलट विधानांच्या प्रश्नात आपण "नाही" हा शब्द खाल्ला की नाही ते तिथेच कळतं. फक्त चार जणांनी एकच पर्याय निवडला म्हणून तो बरोबर, असं धरू नका. ते चौघं एकाच अभ्यासिकेत बसणारे, एकाच सरांच्या नोट्स वाचणारे असतील, तर चूकही चौघांची एकच असते. अशा वेळी दुसऱ्या गावातून, दुसरी पुस्तकं वाचून आलेला एक जण वेगळं उत्तर सांगत असेल, तर मी आधी त्याच्या उत्तराचं पान उघडून बघेन.

क्लासच्या कीमध्ये फरक का पडतो, याचंही कारण साधं आहे. संध्याकाळपर्यंत की टाकायची चढाओढ असते. पहिली टाकली की व्हिडिओ पळतो. राज्यघटनेचं कलम, भूगोलातली नदी, विज्ञानातलं सूत्र यांत सहसा कुणी चुकत नाही, पुस्तक उघडलं की प्रश्न मिटतो. भांडण होतं ते अर्थव्यवस्थेतल्या कुठल्या तरी वर्षाच्या आकडेवारीवर, इतिहासातल्या जोड्या लावण्यावर, चालू घडामोडीतल्या एखाद्या योजनेवर आणि "वरीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत" असल्या प्रश्नांतल्या त्या एका लबाड विधानावर. तिथे सरही अंदाजच करत असतात. अंदाज करण्याला माझी हरकत नाही, तो "शंभर टक्के दोनच" अशा सुरात सांगण्याला आहे.

आणि समजा दोन्ही क्लासचं एकमत झालं, तरी शेवटचा शब्द आयोगाचाच. आयोग आधी पहिली उत्तरतालिका लावतो, त्यावर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन हरकती घेतो, मग अंतिम उत्तरतालिका येते. त्यात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दच होतात. तुमच्या वादातल्या रकान्यातला एखादा प्रश्न पहिल्या तालिकेत चुकीचा ठरला आणि तुमच्याकडे त्याचं पक्कं पान असेल, तर हरकत जरूर घ्या. पान म्हणजे शासनाचं प्रकाशन, पाठ्यपुस्तक, मान्यताप्राप्त संदर्भग्रंथ. क्लासच्या नोट्सची झेरॉक्स नव्हे. प्रत्येक प्रश्नाला शुल्क आहे, त्यामुळे रागाच्या भरात दहा प्रश्नांवर हरकती टाकण्यापेक्षा चार पोरांनी मिळून दोन प्रश्नांचा भक्कम पुरावा जमवलेला बरा. अंतिम तालिकेनंतर आयोगाकडे दाद मागायला जागा उरत नाही, म्हणून हे काम त्या मधल्या दिवसांतच उरकायचं.

पोलचं काय सांगू! "तुमचा स्कोअर किती?" या पोलमध्ये ८५ वाला मत द्यायला थांबत नाही, तो ग्रुप म्यूट करून मेसवर जेवायला जातो. ११५ वाला मत देतो, खाली कॉमेंटही टाकतो. १०० वाला वरचं टोक धरून ११० ला टिक करतो. मग उरलेल्या सगळ्यांना वाटतं, महाराष्ट्रात आपण सोडून प्रत्येकाचा पेपर सोपा गेला. त्या आलेखावरून कटऑफ काढणारे महाभागही आहेत, आणि त्यांचे फॉरवर्ड सगळ्यांत जास्त फिरतात.

कटऑफ ठरतो तो जागा किती, तुमचा प्रवर्ग कोणता, महिला-खेळाडू वगैरे समांतर आरक्षण लागू आहे का आणि यंदाचा पेपर कसा होता, यावर. पेपरच्या संध्याकाळी या सगळ्याचा हिशेब कुणाकडेही नसतो, कारण बाकीच्यांचे गुणच कुणाला माहीत नसतात. जागाही कधीकधी नंतर वाढतात. तुलनेला मागचे कटऑफ घ्यायचे तर निदान २०२२ पासूनचे घ्या. त्याआधी सीसॅटचे गुणही मेरिटला धरत, म्हणजे कटऑफ ४०० पैकी असायचा. २०२२ पासून सीसॅट फक्त पात्रतेपुरतं राहिलं, आणि मेरिट जीएसच्या २०० वर आलं. जुने आकडे निम्मे करून "अंदाजे एवढा लागेल" म्हणणारे मी पाहिलेत. त्याला काही अर्थ नाही. ज्यांचं गणित चांगलं होतं ते सीसॅटवर तरून जायचे, ती सोय आता संपली.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. धाकट्या भावंडांच्या सीईटीत किंवा जेईईत वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळे पेपर होतात, मग पर्सेंटाइल काढतात, आणि १४० गुण चांगले की वाईट हे घरी बसून सांगताच येत नाही. आपल्याकडे एक दिवस, सगळ्यांना तेच प्रश्न. तुमची बेरीज हीच तुमची बेरीज.

आता सीसॅट, जिथे माझ्या मते तुमचं लक्ष असायला हवं होतं आणि तुम्ही एका ओळीत उरकलंत. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकीला ०.६२५ वजा, पात्रतेला ३३ टक्के म्हणजे ६६. तुमचे ६६.८७५ म्हणजे, समजा, ३३ बरोबर आणि २५ चूक: साडेब्याऐंशीतून १५.६२५ गेले. यातलं एक उत्तर जरी बरोबरमधून चुकीत सरकलं, तरी ३.१२५ गुण जाऊन तुम्ही ६३.७५ वर येता. मग जीएसला १११ असोत की १३०, उपयोग शून्य. उलट एक उत्तर सुधारलं तर थेट ७०. म्हणजे जीएसच्या ज्या तीन प्रश्नांवर तुम्ही दोन दिवस भांडताय, त्यापेक्षा सीसॅटमधला एक प्रश्न जड आहे.

बरं, सीसॅट मोजायला कुणाच्या कीची गरजही फारशी नाही. गणित आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न घरी, घड्याळ न लावता, स्वतः सोडवा. उत्तर आलं की आलं, तिथे मतभेद होत नाहीत. राहतात ते उताऱ्यांवरचे प्रश्न. "लेखकाला काय सुचवायचे आहे" यावर दोन शहाणी माणसं दोन पर्याय निवडतात, ते वादात टाका. निर्णयक्षमतेचे प्रश्न वेगळे काढा, कारण त्यांना नकारात्मक गुण नाहीत. तुम्ही सरसकट २५ चुकांचे वजा केले असतील आणि त्यातल्या दोन चुका निर्णयक्षमतेच्या असतील, तर वजाबाकी १४.३७५ ची होते आणि तुम्ही ६८.१२५ वर जाता. हे आज रात्रीच बघा. यातून स्कोअर ७० च्या पुढे निघाला तर निर्धास्त व्हा. ६० च्या खाली गेला, तर मेन्सच्या आधी कम्बाइनची (आयोगाच्याच गट ब-कच्या संयुक्त परीक्षेची) तारीख बघा, हे मी स्पष्टच सांगतो.

सीसॅट सुटतंय असं धरलं, तर मेन्सला लागायचंच. २०२५ च्या परीक्षेपासून मेन्स वर्णनात्मक झालीय: नऊ पेपर, लेखी १७५०, मुलाखत २७५. दोन भाषांचे पेपर फक्त पात्रतेचे, पण निबंध, चार जीएस आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर हातानेच लिहायचे आहेत. पूर्वीची पर्यायांची मेन्स निकालानंतर रेटून मारणारे होते, मी त्यांना ओळखतो. तीन तास सलग लिहायची सवय तशी रेटून येत नाही. पहिल्या आठवड्यात तर मनगटच बोलायला लागतं. आणि पूर्वचे गुण पुढे कुठेच धरत नाहीत. तुम्ही १०३.५ वर आत गेलात की १३० वर, मेन्सच्या हॉलमध्ये दोघांची पाटी कोरीच. निकालाची वाट बघत दोन महिने घालवलेला १३० वाला त्या दिवशी तुमच्या मागे असू शकतो. समजा नाहीच झालं, तर लिहिलेली उत्तरं आणि वाचलेला वैकल्पिक विषय पुढच्या वेळी कामाला येतो.

पुढच्या वेळेसाठी एकच सांगतो: सकाळच्या आणि दुपारच्या पेपरच्या मधल्या वेळात पुस्तिका बॅगेतून बाहेर काढायची नाही, आणि कुणी काढली तर तिथून उठायचं. त्या वेळात जीएसचे दोन प्रश्न चुकलेले कळले की दुपारी उताऱ्याची ओळ तीनदा वाचावी लागते. तुमचं सीसॅट काठावर का आलं, याचं उत्तर कदाचित तिथेही असेल. तुम्हीच आठवून बघा.

रूममेटच्या ११८ बद्दल: त्याला फक्त एवढं विचारा, चुकीचे किती धरलेस? आकडा पटकन सांगितला तर त्याने खरंच मोजलंय, अभिनंदन करा. "असतील वीस-बावीस" म्हणाला, तर त्याचं अटेम्प्टचं गणित त्याच्यासमोरच करून दाखवा आणि मग ११० च्या नियमाचं काय करायचं ते त्यालाच ठरवू द्या.